गर्भाशयमुखाचा कॅन्सर आणि चौदा मिलिमीटर

आमच्याकडे बाईला अंगावरून जास्त जायला लागलं की सल्ला ठरलेला असतो: पिशवी काढून टाका. माझ्या दोन मावश्यांच्या आणि एका चुलत सासूबाईंच्या पिशव्या चाळिशीच्या आसपास निघाल्या, त्यात कुणालाच काही विशेष वाटलं नाही. ‘दोन पोरं झाली, आता ठेवून काय लोणचं घालायचंय?’ असं मोठी मावशी स्वतःबद्दलच म्हणते. त्यामुळे मला एकतिसाव्या वर्षी, मूल झालेलं नसताना, गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला तेव्हा काय बोलावं हे घरात कुणालाच सुचेना.

मी सातपूरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या इन्स्पेक्शन विभागात आहे. माहेर निफाडकडचं, द्राक्षबागायतदारांचं, सासर सिडकोत. संबंधानंतर रक्त दिसलं, मग पाळीच्या मधल्या दिवसांतही डाग पडायला लागले, म्हणून कॉलेज रोडवरच्या आमच्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी आतून बघितलं आणि एरवी बडबड्या असलेल्या मॅडम एकदम कामापुरतं बोलायला लागल्या. पॅप स्मिअर घेतला, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून तपासायला, पाठोपाठ कॉल्पोस्कोपी केली. त्यात गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, म्हणजे आपलं व्हिनेगर म्हणा. खराब भाग तेवढा पांढरा दिसतो. तिथला तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार.

ज्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही पहिल्यांदा गेलो त्याचं नाव घेत नाही. तिथल्या सर्जननी रिपोर्ट वाचला, तपासलं आणि सांगितलं, ‘रॅडिकल हिस्टरेक्टॉमी. पुढच्या आठवड्यात घेऊ.’ म्हणजे गर्भाशयमुख, पिशवी आणि आजूबाजूचा भाग, सगळंच काढायचं. मी विचारलं, ‘मग मूल?’ ते म्हणाले, ‘आधी जीव, मग मूल. दत्तक घेता येतं हल्ली.’ नवरा मान डोलवत होता, माझे अण्णा मान डोलवत होते. वाक्य खोटं नव्हतंच. पण अजून एमआरआयसुद्धा झालेला नव्हता. पार्ट हातात न घेता कुणी रिजेक्टचा लाल टॅग लावला तर आम्ही कंपनीत त्याला विचारतो, मोजलंस का? तेच माझ्या तोंडावर आलं होतं, पण नुसतं ‘विचार करून सांगतो’ म्हणून उठलो.

परत कॉलेज रोडच्या मॅडमकडे. त्या म्हणाल्या, गाठ लहान असेल तर फक्त गर्भाशयमुख काढायचं, वरची पिशवी ठेवायची आणि ती खाली योनीमार्गाला जोडायची, अशी शस्त्रक्रिया असते. रॅडिकल ट्रॅकेलेक्टॉमी. फ्रान्समधल्या डॅनियल दार्जां नावाच्या डॉक्टरांनी ती सुरू केली आणि १९९४ मध्ये जगापुढे मांडली, म्हणजे तशी जुनीच. ‘पण प्रत्येकीला होत नाही. आणि तुला होत नसेल तर मी तुला आशा लावणार नाही,’ हेही त्यांनी लगेच सांगितलं. नाशिकमध्येच गर्भाशयाच्या कॅन्सरची कामं करणाऱ्या एका ऑन्कोसर्जन मॅडमकडे त्यांनी चिठ्ठी दिली.

अटी मी वहीत उतरवून घेतल्या. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत हवी. गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडापासून, म्हणजे जिथून खरी पिशवी सुरू होते तिथपासून, ती पुरेशी लांब हवी. लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये, पसरलेली नको. आणि पेशींचा प्रकार नेहमीचा हवा. न्यूरोएंडोक्राइन नावाचा एक आडदांड प्रकार असतो, त्यात पिशवी वाचवायच्या फंदात पडत नाहीत. जिला मूल हवंच आहे तिच्यासाठीच हा खटाटोप, हीसुद्धा एक अट.

इंटरनेटवर वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगते. जुन्या लेखांत चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीलाही ‘आयबी१’ स्टेज म्हटलेलं सापडतं. २०१८ मध्ये स्टेजिंग बदललं. आता दोन सेंटिमीटरच्या आतली ती आयबी१, दोन ते चारमधली आयबी२. मी रात्री जागून जे वाचलं त्यातलं निम्मं जुन्या हिशोबाचं होतं आणि मी उगाच घाबरत होते, उगाच खूशही होत होते.

एमआरआय झाला. गाठ १४ मिलिमीटर, आतल्या तोंडापासून अंतर १७ मिलिमीटर. मी रेडिओलॉजिस्टना भेटायचा हट्ट धरला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली पेशंटला भेटत नाहीत, पण ते बाहेरच चहा घेत उभे होते. मी विचारलं, ‘सर, मोजमापात इकडेतिकडे किती धरायचं?’ ते आधी हसले. मग म्हणाले, ‘तीन मिलिमीटरची एकेक स्लाइस आहे. त्याच्या आतलं मी शपथेवर सांगणार नाही.’ संपूर्ण आजारपणात मला मिळालेलं हे सगळ्यात समाधानकारक उत्तर. चौदा अधिक तीन, सतरा, वीसच्या आत. सतरा वजा तीन, चौदा. ऑन्कोसर्जन मॅडमना किमान दहा हवे होते. दोन्हीकडून बसत होतं.

त्यांनी मात्र घाई केली नाही. ‘स्लाइड आणि ब्लॉक परळला दाखवून आणा. पेशींचा प्रकार दुसऱ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पिशवी ठेवणार नाही.’ ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला आपला तुकडा. तो लॅबकडून मागून घ्यावा लागतो, सही करून, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नुसता रिपोर्ट घेऊन मुंबईला जातात आणि हात हलवत परत येतात. आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने गेलो, नवऱ्याच्या बॅगेत डब्याशेजारी तो ब्लॉक. टाटात फाइल काढली, स्लाइड जमा केल्या, आणि काही दिवसांनी तोच निष्कर्ष आला: स्क्वॅमसच, रक्तवाहिन्यांमध्ये पेशी शिरलेल्या दिसत नाहीत.

तिथे बाकावर एक बाई भेटल्या, परांड्याच्या. त्यांनी सांगितलं की त्यांच्या सासूबाईंची तपासणी गावात येऊन केली होती, फार वर्षांपूर्वी, काहीतरी मोठा अभ्यास चालला होता म्हणून. नंतर शोधलं तर तो खरोखरच जगप्रसिद्ध अभ्यास निघाला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा. टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था यांनी मिळून केलेला. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीच्या, आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीनेसुद्धा या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये सिद्ध झालं. परांड्याच्या शेतकरी बाईची जी तपासणी झाली ती नाशिकच्या पदवीधर, विमाधारक, दरवर्षी कंपनीचं मेडिकल करणाऱ्या बाईची झाली नव्हती. आमच्या मेडिकलमध्ये कान तपासतात, डोळे तपासतात, फुप्फुसं तपासतात.

आता मुख्य गोष्ट. ट्रॅकेलेक्टॉमी ठरली तरी ती होईलच असं नसतं. ऑपरेशन टेबलावरच आधी लिम्फ नोड काढून फ्रोझन सेक्शनला, म्हणजे गोठवून लगेच तपासायला, पाठवतात. पॅथॉलॉजिस्ट तिथल्या तिथे बघून सांगतो. नोडमध्ये काही सापडलं तर पिशवी वगैरे विषय संपला, रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिनची केमो. ओटीपोटाला शेक दिला की अंडाशय बंद पडतात आणि पिशवीचं अस्तरही मूल वाढवण्याच्या लायकीचं राहत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी अंडी काढून ठेवायची का, हा प्रश्न मॅडमनी समोर ठेवला. ‘ठेवलीच पाहिजेत असं नाही. नोड पॉझिटिव्ह आले तर मी अंडाशय वर नेऊन बांधीन, शेकाच्या क्षेत्राबाहेर. पण ते दर वेळी वाचतातच असं नाही.’

गंगापूर रोडवर एका फर्टिलिटी सेंटरमध्ये गेलो. तिथे सगळ्या भिंतींवर गुटगुटीत बाळांचे फोटो, आणि माझ्या हातात कॅन्सरची फाइल. डॉक्टर तरुण होते, नीट ऐकून घेणारे. माझी पहिली शंका: हार्मोनच्या इंजेक्शनांनी गाठ वाढेल का? स्क्वॅमस प्रकार हार्मोनवर वाढणारा नाही, ती काळजी स्तनाच्या कॅन्सरमध्ये, तिथे सोबत हार्मोन कमी ठेवणारं लेट्रोझोल देतात, असं त्यांनी समजावलं. दुसरी शंका वेळेची. पाळीची वाट बघावी लागत नाही, कोणत्याही दिवशी सुरू करता येतं आणि साधारण दोन आठवड्यांत संपतं. ऑपरेशनची तारीख तशीही त्याच्या पुढचीच मिळाली होती.

रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन. नवरा शिकला टोचायला, पहिल्या दिवशी त्याचाच हात माझ्यापेक्षा जास्त थरथरला. मध्ये अंडी अवेळी फुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन सुरू झालं. एक दिवसाआड सोनोग्राफी. शेवटी ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, तेही घड्याळ लावून, कारण त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी अंडी काढायची असतात. नेहमी सुई योनीमार्गातून घालतात. माझ्या बाबतीत गाठ त्याच वाटेवर बसलेली. रक्तस्राव व्हायचा आणि पेशी सुईबरोबर पुढे जायची शंका नको, म्हणून त्यांनी पोटावरून, सोनोग्राफीच्या मदतीने अंडी काढली. थोडी कमी मिळतील असं आधीच सांगितलं होतं. नऊ चांगली मिळाली. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर.

अंडी ठेवायची की गर्भ करून ठेवायचे, हेही विचारलं होतं. नवरा म्हणाला, ‘तुझी आहेत, तशीच ठेव. उद्या मी असेन-नसेन.’ कॅन्सर मला झालेला आणि नसेन म्हणतोय हा! सेंटरच्या संमतीपत्रात मात्र उलटा प्रश्न छापलेला होता: माझं काही बरंवाईट झालं तर अंड्यांचं काय करायचं. २०२१ च्या कायद्यानंतर हे लेखी द्यावंच लागतं. मी ‘नष्ट करावीत’वर खूण केली आणि आम्ही खाली येऊन मिसळ खाल्ली. काय करणार, भूक लागली होती.

खर्च दीड लाखाच्या पुढे गेला. ऑपरेशनचा खर्च कंपनीच्या विम्याने उचलला, अंड्यांचा नाही. विमावाल्यांच्या लेखी ते वंध्यत्वाचे उपचार, म्हणून बाद. अण्णांनी बागेच्या पैशातून दिले आणि वर म्हणाले, ‘छाटणीचे मजूर उधारीवर येतील, डॉक्टर येणार नाहीत.’

सासूबाईंना हे सगळं पटायला वेळ लागला. त्या वाईट नाहीत, घाबरलेल्या होत्या. ‘अगं, जिथे गाठ आहे ते सगळंच काढून टाकावं ना, मागे कशाला काही ठेवायचं?’ हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अडाणी प्रश्न नाही, माझ्याही मनात तोच होता. मी त्यांना ऑन्कोसर्जन मॅडमकडे घेऊन गेले. मॅडमनी कागदावर पिशवी काढून दाखवली, कुठून कापणार, कडेचा भाग लगेच तपासणार, त्यात पेशी दिसल्या तर तिथेच पूर्ण पिशवी काढणार. योग्य निवड केलेल्या, लहान गाठीच्या बायकांमध्ये पिशवी ठेवल्यामुळे आजार उलटण्याचा धोका वाढलेला दिसत नाही, हेही सांगितलं. सासूबाई त्यावर म्हणाल्या, ‘दुर्बिणीतून करा म्हणजे पोरीचं पोट फाडायला नको.’ तर मॅडमनी नाही म्हटलं. २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीत असं दिसलं होतं की या कॅन्सरच्या रॅडिकल हिस्टरेक्टॉमीत दुर्बिणीतून ऑपरेशन केलेल्यांपेक्षा पोट उघडून केलेल्या बायका जास्त जगल्या. तेव्हापासून त्या पोट उघडूनच करतात. मला हे ऐकून बरं वाटलं. व्रण आडवा आहे, बिकिनी मी तशीही कधी घालणार नव्हते.

नणंदेने त्याच रात्री मला गच्चीवर बोलावून घेतलं. ‘वहिनी, पिशवी गेलीच तर मी आहे. माझी दोन झाली आहेत, मला त्रास नाही झाला.’ मी तोवर सरोगसीचा कायदाही वाचून काढला होता: पैसे घेऊन-देऊन करता येत नाही, फक्त वैद्यकीय खर्च आणि विमा, सरोगेट बाई लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची हवी, आणि आयुष्यात एकदाच. तिला वयाची अट सांगितली तर म्हणाली, ‘मग माझ्याकडे दोन वर्षं आहेत, तेवढ्यात काय ते ठरव.’ आम्ही दोघी हसलो आणि रडलोसुद्धा. एरवी आमचं फ्रिजच्या कप्प्यावरून वाजतं.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर तीन शक्यता होत्या. नोड आणि कडा स्वच्छ: फक्त गर्भाशयमुख काढणार. कडेला पेशी: पिशवीही काढणार. नोडमध्ये पेशी: थांबणार, अंडाशय वर बांधून धातूच्या क्लिप लावणार, म्हणजे शेक देणाऱ्यांना ते कुठे आहेत ते दिसेल. या तिन्हींवर एकच सही. झोपताना तुम्हाला माहीत नसतं की उठाल तेव्हा कोणती बाई असाल. मला भुलीची भीती वाटली नाही, उठायची वाटली.

उठल्यावर पहिल्यांदा दिसली ती भूलतज्ज्ञ. तिला मी काय विचारलं ते आठवत नाही, पण ती म्हणाली, ‘पिशवी आहे, झोपा.’

यानंतरच्या दिवसांबद्दल कुणी फार लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. खरा त्रास लघवीचा झाला. गर्भाशयमुखाच्या बाजूचा भाग काढताना मूत्राशयाच्या नसांना धक्का लागतो, त्यामुळे लघवी भरल्याचं कळत नाही आणि पूर्ण होतही नाही. कॅथेटर घेऊनच घरी आले. तो काढल्यावर लघवी करायची आणि मग आत किती उरली ते मोजायचं; जास्त उरली की परत कॅथेटर. मला परत लावावा लागला. ओढणीखाली ती लघवीची पिशवी लपवून मी बाल्कनीत बसायचे आणि भेटायला येणाऱ्या बायका शहाळी घेऊन यायच्या! मग घड्याळ लावून दर तीन तासांनी जायची सवय केली, हळूहळू जमलं. डावा पाय संध्याकाळी जड होतो, नोड काढल्यामुळे, अजूनही होतो. उभं राहून करायची इन्स्पेक्शन मी आता स्टुलावर बसून करते, सुपरवायझरने स्वतःहून स्टूल आणून दिलं.

पिशवीच्या खालच्या तोंडाला कायमचा टाका घातलेला आहे, कारण गर्भ धरून ठेवणारं गर्भाशयमुखच राहिलेलं नाही. तोंड बंद होऊ नये म्हणून सुरुवातीला एक छोटी नळी ठेवली होती. तरीही काही महिन्यांनी पाळीत असह्य दुखायला लागलं आणि रक्त मात्र नावाला. तोंड आवळलं होतं. भूल देऊन ते थोडं रुंद केलं, मग पाळी नीट आली. ती आली त्या दिवशी मी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी शिरा केला. चौदाव्या वर्षी पहिली आली तेव्हासुद्धा आमच्याकडे शिराच झाला होता, आणि मला तेव्हा तोंड लपवावंसं वाटलं होतं.

पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, पॅप आणि एचपीव्हीसकट. आदल्या रात्री अजूनही झोप लागत नाही. मूल व्हायचा प्रयत्न करायला सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगितलं होतं, आम्ही वर्ष थांबलो. आता प्रयत्न चालू आहेत. गर्भाशयमुखातला चिकट स्राव राहिलेला नाही, त्यामुळे शुक्रजंतूंची वर जायची वाट अवघड झाली आहे, म्हणून आययूआय, म्हणजे शुक्रजंतू नळीने थेट पिशवीत सोडायचे. एकदा अपयश आलं आहे. दिवस राहिले तरी पुढचं सोपं नाही, हे मॅडमनी साखर न लावता सांगितलं आहे: मधल्या महिन्यांत गर्भ पडण्याचा आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त, आणि टाका कायमचा असल्याने बाळंतपण सिझेरियननेच. नवजात बाळांचं आयसीयू जवळ असेल अशाच ठिकाणी नाव घालायचं. सासूबाईंनी मनातल्या मनात मुंबई नाक्यावरचं हॉस्पिटल निवडूनही ठेवलं आहे.

नणंदेची लेक बारा वर्षांची आहे. तिला एचपीव्हीची लस दिली, पुण्याच्या सीरमची, सर्व्हाव्हॅक. पंधराच्या आत दोनच डोस पुरतात. ‘मामीला झालं ते मला होऊ नये म्हणून का?’ तिने विचारलं. आम्ही हो म्हटलं. नणंदेनेही स्वतःची तपासणी करून घेतली, आणि माझ्या आईने, जिची पिशवी अजून शाबूत आहे.

मागच्या आठवड्यात फर्टिलिटी सेंटरचा मेसेज आला, अंडी ठेवायचं वार्षिक शुल्क भरायचं म्हणून. नवरा म्हणाला, आता नोड स्वच्छ आहेत, पिशवी आहे, अंडाशय चालू आहेत, मग हे पैसे कशाला? त्याचा हिशोब बरोबर आहे. पण वय माझंही वाढतंय, ती नऊ अंडी मात्र एकतीस वर्षांचीच राहणार आहेत. आणखी एका वर्षाचे भरले. पुढच्या वर्षी परत भांडू.